‘झाडून नेलेल्या’ बागेतली नाणी: वीस बाय वीस फुटांचं एक प्रकरण

अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये, ओहायो-इंडियानाच्या पट्ट्यात, जवळपास प्रत्येक जुन्या गावात एक बाग असते. १८९०च्या दशकात आखलेली, मधोमध बँडस्टँड, एका अंगाला ओक आणि मेपलची जुनी झाडं, पलीकडे बेसबॉलचं मैदान. मेटल डिटेक्टर घेऊन फिरणारे या बागांबद्दल एकच गोष्ट सांगतात: तिथलं सगळं लोकांनी सत्तरच्या दशकापासून झाडून नेलंय, आता फक्त डब्यांची झाकणं उरलीत. खाली मांडलेलं प्रकरण अशाच एका बागेचं आहे, नमुन्यादाखल. या भागातल्या कुठल्याही गावाला ते लागू पडेल. बाग बारा एकरांची, हातात एप्रिलमधल्या तीन सकाळी, यंत्र मायनलॅब इक्विनॉक्स ८००. प्रश्न एवढाच की इथे १९६४ आणि त्याआधीची चांदी अजून आहे का, आणि असेल तर नेमकी कुठे.

१९६४चं साल इथे सीमारेषेसारखं आहे. त्या सालापर्यंतच्या डाइम (दहा सेंट), क्वार्टर (पंचवीस सेंट) आणि हाफ डॉलर (पन्नास सेंट) या नाण्यांमध्ये ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांबं असायचं. १९६५पासून डाइम आणि क्वार्टर तांब्याच्या गाभ्यावर तांबं-निकलचा पत्रा चढवून बनू लागले. हाफ डॉलरमध्ये १९७०पर्यंत ४० टक्के चांदी टिकली. गाडलेलं नाणं हातात येताच त्याची कड बघावी. चांदीच्या नाण्याची कड सलग पांढरी दिसते, नव्या नाण्याच्या कडेला तांब्याची लाल रेघ असते. शंभर वर्षं मातीत राहूनही चांदीचा डाइम बहुधा चमकतच बाहेर येतो, म्हणून खड्ड्यात पांढरी कड दिसली की छाती धडधडते.

आधी परवानगीचं. नॅशनल पार्कच्या हद्दीत डिटेक्टर वापरायलाच बंदी आहे. गावच्या बागेचे नियम मात्र गावागणिक बदलतात: कुठे वर्षाचा परवाना, कुठे फक्त नोंद, कुठे साफ मनाई. या बागेत परवाना मिळतो, पण दोन अटींवर. फावडं चालणार नाही, फक्त हातातलं खणायचं अवजार. आणि बेसबॉलच्या मैदानावर खणायचं नाही. शिवाय पाणी शिंपडायच्या नळ्या कुठून गेल्यात ते बागेच्या कार्यालयातून आधी विचारून घ्यावं, कारण त्या अनेकदा फूटभर खोलीच्या आतच असतात. महाराष्ट्रातून हे वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. हे यंत्र घेऊन गडावर किंवा गावच्या पांढरीत जाऊ नये. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडवलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. संरक्षित स्मारकाच्या आवारात खणणं हा तर स्वतंत्र गुन्हा. अमेरिकेतला छंद जसाच्या तसा सह्याद्रीत नेता येत नाही.

पहिली सकाळ

पहिल्या दिवशी जे सगळे करतात तेच केलं. ११ इंची कॉइल (दांड्याच्या टोकाची, जमिनीवरून फिरवायची तबकडी), ‘पार्क १’ मोड, लोखंडाचे आकडे बंद म्हणजे लोखंडावर यंत्र गप्प, आणि बाकांभोवती, वाटेच्या कडेने, झाडांच्या सावलीत चार तास चक्कर. साठ खड्डे झाले. त्यातून नवे क्वार्टर ५, नवे डाइम ९, जस्ताचे सेंट २३, पुल-टॅब १७ आणि बाटल्यांची बुचं ६. एकूण रोकड दोन डॉलर अडतीस सेंट. चांदी शून्य.

पुल-टॅब म्हणजे पेयाच्या डब्याचं ओढून काढायचं अल्युमिनियमचं कडं. १९६०च्या दशकात ती आली, आणि डब्याला चिकटून राहणारं झाकण सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतर रुळेपर्यंत लोक ती सर्रास गवतात टाकत. सहलीच्या बागेत त्यांचा अक्षरशः सडा असतो. जस्ताचे सेंट १९८२नंतरचे. एकूण ९७.५ टक्के जस्त, वर तांब्याचा पातळ मुलामा. मुलाम्याला चरा पडला की मातीतला ओलावा आत शिरतो आणि नाणं कुरतडल्यासारखं होतं. पहिल्या दिवशीच्या २३पैकी निम्म्यांना तर भोकं पडलेली होती.

एवढं खणून चांदी नाही, याची कारणं तीन. पहिलं उघड आहे: मोकळ्या जागेत, चार-पाच इंचांत, स्वच्छ आवाज देणारी चांदी चाळीस वर्षांपूर्वीच गेली. दुसरं कारण जुन्या यंत्रांच्या सवयीत आहे. यंत्र धातूची विद्युतवाहकता आणि आकार मिळून एक आकडा दाखवतं. इक्विनॉक्स ८००वर लोखंड उणे आकड्यांत जातं, निकल म्हणजे पाच सेंटचं नाणं १२-१३ दाखवतो, पुल-टॅब साधारण ११ ते १८च्या मध्ये कुठेही, तांब्याचा सेंट २४-२५, चांदीचा डाइम २६-२७, चांदीचा क्वार्टर ३०च्या पुढे. निकलचं नाणं ७५ टक्के तांबं आणि २५ टक्के निकल यांच्या मिश्रधातूचं. मिश्रधातूची वाहकता कमी, म्हणून ते पुल-टॅबच्या रांगेत जाऊन बसतं. सत्तर-ऐंशीच्या दशकात लोक यंत्राचा डिस्क्रिमिनेशनचा, म्हणजे नको ते धातू गप्प करायचा, खुंटा पुल-टॅब गप्प होईपर्यंत फिरवत. त्याच झटक्यात निकल गप्प होत, आणि सोन्याच्या अंगठ्याही.

तिसरं कारण या प्रकरणाचा गाभा आहे. लोखंडाच्या खिळ्याशेजारी नाणं पडलं असेल तर मोठ्या कॉइलला दोन्ही एकत्रच ‘दिसतात’. खिळ्याचा आवाज नाण्याचा आवाज गिळतो, आणि लोखंड गप्प करून ठेवलेलं असेल तर कानात काहीच येत नाही. ती जागा रिकामी वाटते. खरं तर यंत्राने ती नीट पाहिलेलीच नसते.

पिवळ्या चौकोनाची जागा

म्हणून दुसऱ्या सकाळच्या आधी एक संध्याकाळ नकाशांवर घालवली. अमेरिकन गावांसाठी सॅनबॉर्न कंपनीचे आग-विम्याचे नकाशे हा मोठा ठेवा आहे. विमा कंपन्यांना प्रत्येक इमारत कशाची आहे ते कळावं म्हणून ते काढले जात. विटांची इमारत गुलाबी, लाकडी इमारत पिवळी. लायब्ररी ऑफ काँग्रेसने यातले हजारो नकाशे स्कॅन करून खुले ठेवलेत. बागेच्या जुन्या नकाशावर आजच्या खेळघराच्या मागे, उताराच्या माथ्यावर एक पिवळा चौकोन आहे: नाचाचा मंडप. आज तिथे नुसतं गवत आहे. नंतरच्या आवृत्तीत चौकोन नाही, म्हणजे मंडप मधल्या काळात पाडला.

लाकडी मंडप म्हणजे फळ्यांची जमीन, आणि फळ्यांच्या फटी. खिशातून सांडलेला डाइम फटीतून खाली जातो आणि मंडप असेपर्यंत कुणालाही दिसत नाही. मंडप पाडताना खिळे तिथेच विखुरतात. म्हणजे ज्या जागी जुनी नाणी असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, तिथेच लोखंडही सगळ्यात जास्त. चाळीस वर्षं लोक नेमकं तेच टाळत आले, कारण तिथे कानात फक्त घरघर. पिवळ्या चौकोनाचा दक्षिणेकडचा, पायऱ्यांच्या बाजूचा वीस बाय वीस फुटांचा तुकडा निवडला. लोक पायऱ्यांपाशी थांबतात, पैसे काढतात, धक्काबुक्की होते.

कॉइल बदलली: ६ इंची गोल. तिची पोच कमी, डाइमसाठी साधारण सहा इंच, पण तिच्याखाली एका वेळी कमी वस्तू येतात. नाणं आणि खिळा यांच्यात दोन-तीन इंच अंतर असलं तरी ती दोन वेगळे आवाज देऊ शकते. कचऱ्याच्या जागी मोठी कॉइल म्हणजे आंधळेपण, मग तिची खोली कितीही असो.

बाकीची मांडणी अशी. लोखंडाचे आकडे उघडे ठेवले, म्हणजे खिळ्यांची घरघर ऐकू येते आणि जागा कळते. टोन ५०, म्हणजे वेगवेगळ्या आकड्यांना वेगवेगळे सूर. रिकव्हरी स्पीड ७, कारण जास्त वेगाला यंत्र एका वस्तूवरून दुसरीवर लवकर मोकळं होतं, थोडी खोली गेली तरी चालेल. आयर्न बायस खाली, १वर. तो वाढवला की यंत्र संशयास्पद आवाज लोखंडाच्या खात्यात टाकतं, आणि खिळ्याशेजारचं नाणंही त्याच खात्यात जातं. संवेदनशीलता १९. रस्त्याच्या दिव्यांची तार जवळ असल्याने २२ला यंत्र स्वतःशीच बडबडत होतं. कॉइल जमिनीपासून थोडी वर स्थिर धरून आधी नॉइज कॅन्सल (आसपासच्या विजेचा गोंगाट टाळणं), मग कॉइल खाली-वर हलवत ग्राउंड बॅलन्स (मातीचा स्वतःचा आवाज वजा करणं). दोन दिवस आधी पाऊस झालेला होता. ओली माती वीज बरी वाहते, आवाज थोडे उठतात, आणि गवत कापतानाही मुळं कमी तुटतात.

तुकड्याभोवती सुतळी, आत दोन-दोन फुटांच्या पट्ट्या, उत्तर-दक्षिण. कॉइल गवताला घासत, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याच्या अर्ध्यावर चढवून. एका पट्टीला पंचवीस मिनिटं. बघणाऱ्याला वाटतं काहीतरी हरवलंय यांचं.

दुसरी सकाळ, जवळून

चौथ्या पट्टीत १२-१३. बाकी आकडे नाचत होते, हा नाचला नाही. पुल-टॅबचा आकडा दिशा बदलली की १३वरून १५, १६ असा सरकतो, कारण त्याचं कडं आणि जीभ सारखी नसतात. निकल गोल, सपाट. कुठूनही १२-१३. पडद्यावरचे खोलीचे बाण तीन, म्हणजे साधारण पाच-सहा इंच. तीन बाजूंनी कापलेला, चौथी बाजू बिजागरीसारखी राखलेला पाच इंच रुंद गवताचा गड्डा, झाकणासारखा मागे. पिनपॉइंटर (नेमकी जागा दाखवणारी हातातली छोटी कांडी) आधी गड्ड्याच्या खालच्या बाजूला, मग खड्ड्यात. निम्म्या वेळा नाणं गड्ड्यातच असतं आणि माणूस खड्डा उकरत बसतो. इथेही तसंच. मुळांच्या जाळीत अडकलेलं काळपट-लालसर गोल, एका बाजूला मोठा रोमन आकडा व्ही. लिबर्टी हेड निकल, १९०७. हा प्रकार १८८३ ते १९१२पर्यंत चलनासाठी पाडला गेला. मातीत निकलला असा लालसर रंग येतोच, त्याला गंज समजून घासू नये.

दुसरा महत्त्वाचा आवाज सहाव्या पट्टीत. उत्तर-दक्षिण फिरवलं तर २६चा एक टिपका, मध्येच घरघर, मग पुन्हा २६. पूर्व-पश्चिम फिरवलं तर नुसती घरघर. नव्या माणसाची इथे गल्लत होते. उलटंही खरं असतं: वाकलेला खिळा एका दिशेने उंच आवाज काढतो, आणि नव्वद अंशांत वळलं की आवाज विरतो. मग ओळखायचं कसं? दोन खुणा उपयोगी पडतात. खोट्या आवाजाची जागा सरकते. पिनपॉइंट मोडमध्ये आवाजाचं केंद्र एकीकडे आणि उंच टोन दुसरीकडे असेल तर बहुधा खिळा. आणि कॉइल बोटभर वर उचलून फिरवली की खोटा उंच आवाज लवकर गळतो, नाण्याचा बारीक होत जातो पण टिकतो. इथे टोन जागचा हलला नाही. साडेपाच इंचांवर बार्बर डाइम (चांदीच्या डाइमचा एक जुना प्रकार), १८९९, आणि त्याच्यापासून दोन इंचांवर तीन इंची खिळा. मोठ्या कॉइलला हा डाइम कधीच ऐकू आला नसता.

तरी चूक झालीच, तीही याच सकाळी. नवव्या पट्टीत २६-२७चा आवाज दोनदा वाजला, मधे थोडी शांतता. त्याचा अर्थ बहुतेकदा नाणं कडेवर उभं आहे. सपाट पडलेल्या नाण्याचं केंद्र सरळ सापडतं, उभ्या नाण्याचं केंद्र इंच-दीड इंच बाजूला सरकल्यासारखं वाटतं. दोन्ही दिशांनी केंद्र न तपासता गड्डा कापला, तोही केंद्रापासून नेहमीच्या अडीच इंचांऐवजी दोन इंचांवर. दातेरी सुरी नाण्याच्या चेहऱ्यावरून गेली. १९४१चा मर्क्युरी डाइम, गालावर ताजी पांढरी रेघ. साल सामान्य असल्याने नुकसान थोडकं, कारण असल्या डाइमची किंमत मुख्यतः त्यातल्या सव्वादोन ग्रॅम चांदीची. पण १९१६ साली डेन्व्हरच्या टांकसाळीत याच डाइमचे फक्त २,६४,००० नग पाडले गेले. मागच्या बाजूला खाली डावीकडे, कडेजवळ बारीक ‘डी’ दिसला, तर अशी एक रेघ महिन्याच्या पगाराएवढी पडू शकते. नियम साधा आहे: आवाज दुहेरी असेल तर गड्डा सात इंचांचा कापावा आणि सुरीचं टोक बाहेरच्या बाजूला कलतं धरावं.

त्या सकाळचे खड्डे ३१. निकल २ (दुसरा म्हशीचं चित्र असलेला, साल पुसलेलं), गव्हाच्या कणसांचे सेंट ४, चांदीचे डाइम २, पुल-टॅब १४, खिळे ५, शिसं आणि पत्र्याचे तुकडे ४. पहिल्या सकाळच्या निम्मे खड्डे, आणि जुनं सगळं यातच. पुल-टॅबची १४ ही संख्या नापास झाल्याची खूण नाही. १२-१३ खणायचं ठरवलं की तेवढे खणावेच लागतात. ज्याला ते नको असेल त्याने निकलचं आणि सोन्याचं नावही काढू नये.

म्हशीच्या निकलवर साल नाण्याच्या सगळ्यात उंच भागावर होतं, म्हणून ते झिजून जातं. फेरिक क्लोराइडचा थेंब टाकून साल वर आणता येतं, पण तिथे कायमचा डाग पडतो. संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत घटते. साल महत्त्वाचं की नाणं, हे आधी ठरवून मगच बाटली उघडावी. चांदीची नाणी ऊर्ध्वपातित पाण्यात रात्रभर भिजवली, माती आपोआप सुटली. बोटांनी चोळलं तर मातीतली रेती चांदीवर हजार बारीक चरे पाडते, आणि संग्राहक भिंगाखाली पहिल्यांदा तेच बघतो. तांब्याचे सेंट कोरडेच ठेवावेत, लाकडी टूथपिकने माती अलगद काढावी. विजेच्या बॅटरीने नाणी ‘स्वच्छ’ करायची पद्धत फक्त गंजलेल्या लोखंडासाठी ठेवलेली बरी.

तिसरी सकाळ छोटी. तोच तुकडा, त्याच सुतळ्या, फक्त पट्ट्या पूर्व-पश्चिम. आदल्या दिवशी ज्या आवाजांना एकाच दिशेने तोंड होतं ते असेच सापडतात. सात खड्डे: कणसांचे सेंट २, पुल-टॅब ३, खिळा १, आणि एक इंडियन हेड सेंट, १८९०च्या दशकातला, शेवटचा आकडा खाल्लेला. तो १९-२० दाखवत होता, म्हणजे जस्ताच्या सेंटच्याच जागी. आदल्या दिवशी खिळ्याच्या घरघरीत तो आवाज तुटक आला होता म्हणून सोडला. फरक फक्त खोलीच्या बाणात होता. जस्ताचा सेंट दोन इंचांत असतो, हा सहा इंचांवर. या तुकड्यात १९-२०चा आकडा आणि तीन बाण एकत्र दिसले की खणावं, बाकी १९-२० सोडून द्यावेत.

आठवड्याने बागेत जाऊन या तुकड्यातले ३८ गड्डे पाहिले. छत्तीस ओळखताही आले नाहीत. दोन पिवळे पडले होते, दोन्ही उताराच्या कडेला, जिथे सहाऐवजी तीनच इंच माती गड्ड्याबरोबर उचलली गेली आणि मुळं उघडी पडली. दोन्हींवर पेलाभर पाणी ओतून, टाचेने दाबून, वर मूठभर माती पसरली. खणलेली माती कापडावर टाकून परत खड्ड्यातच ओतलेली असल्याने बाजूला कुठे ढीग नव्हता, आणि गवत कापणाऱ्या माणसाने त्या पट्ट्यावरून यंत्र नेहमीसारखंच फिरवलं होतं.